केस पेपरवर सही आहे, मग थीसिससाठी वेगळी कशाला?

सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, लिहायची वेळ आली की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, ‘सर, ॲडमिशनच्या वेळी पेशंटची सही घेतलीय की, मग थीसिससाठी पुन्हा वेगळी कशाला?’ विचारणारा आळशी असतो असं नाही. वॉर्डात दोन्ही कागद एकाच क्लिपबोर्डला लावलेले, पुढे करणारा ॲप्रनवाला एकच, आणि पेशंट दोन्ही न वाचताच म्हणतो, ‘कुठं करू सही?’

एक उदाहरण घेऊ. मधुमेहाच्या पेशंटचं सकाळी रक्त काढायचंच आहे, साखर आणि क्रिएटिनिनसाठी. त्याच सुईतून तुमच्या थीसिसच्या व्हिटॅमिन डीसाठी आणखी २ मिली. पहिल्या नळीच्या रिपोर्टवरून त्याच्या गोळ्यांचा डोस ठरणार आहे. दुसऱ्या नळीतून त्याच्या पदरात बहुधा काहीच पडणार नाही. तुम्हाला डिग्री मिळेल, आणि झालीच तर शास्त्रात थोडी भर पडेल. सुई एकच असली तरी त्या २ मिलीसाठी वेगळं विचारावं लागतं. तो ‘नको’ म्हणाला तर पहिली नळी तेवढी भरायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं.

माझ्या मते खरी परीक्षा या ‘नको’चीच आहे. उपचाराला पेशंट नाही म्हणाला तर चांगला डॉक्टर समजूत घालतो, नातेवाइकांना बोलावतो, पुन्हा समजावतो. घालायलाच हवी समजूत, कारण नाही म्हणण्यात नुकसान त्याचंच आहे. संशोधनात मात्र अशी गळ घालणं हाच दोष. तिथे गरज तुम्हाला आहे, त्याला नाही. त्यातून सरकारी दवाखान्यातला पेशंट ‘नाही म्हटलं तर डॉक्टर नीट बघतील का’ या धास्तीने हो म्हणून टाकतो. म्हणून माहितीपत्रकात स्वच्छ लिहायचं असतं: भाग घेतला नाही, किंवा मध्येच सोडला, तरी उपचारात काही फरक पडणार नाही. आणि ते तोंडानेही सांगायचं.

उपचाराची संमती म्हणजे नुसता सोपस्कार, असाही अर्थ कुणी काढू नये. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं होतं: महिलेने फक्त तपासणीच्या लॅप्रोस्कोपीला (दुर्बिणीतून पोटाच्या आत बघायला) संमती दिली होती, पण भूल दिलेली असतानाच आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं. तातडीचा प्रसंग नसताना सज्ञान पेशंटच्या वतीने आईने दिलेली संमती न्यायालयाने मानली नाही. तरीही आपल्याकडे केस पेपरवर मुलाची, दिराची सही सर्रास चालवून घेतात, आणि तीच सवय घेऊन विद्यार्थी संशोधनात उतरतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शुद्धीवरच्या, सज्ञान माणसाची संमती त्याचीच हवी. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण सोबत संशोधनाशी संबंध नसलेला, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार लागतो. तुमचा डेटा गोळा करायला मदत करणाऱ्या सिस्टरची सही तिथे चालत नाही. अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार घ्यायचा: सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी.

उपचार आणि संशोधन यांची ही गल्लत मोठ्या प्रमाणावर झाली की काय होतं, ते २००९ च्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) लस प्रकल्पात दिसलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात ‘पाथ’ या संस्थेने आयसीएमआर आणि राज्य सरकारांच्या साथीने हजारो मुलींना लस दिली. सरकारी यंत्रणेतूनच दिल्यामुळे ते नेहमीचं लसीकरणच वाटावं असं होतं, पण प्रत्यक्षात तो अभ्यास होता. खम्ममच्या निवासी शाळांत अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचं कारण लस असल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण संमतीच्या कारभारावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले.

गोंधळ पेशंटच्या मनातही असतो. दोन औषधांची तुलना असेल आणि कोणाला कुठलं द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार असेल, तरी त्याला वाटतं की डॉक्टरांनी माझी तब्येत बघूनच हे निवडलंय. या गैरसमजाचं शास्त्रीय वर्णन मनोविकारतज्ज्ञ पॉल अपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केलं. तो टाळायचा तर ‘यादृच्छिक पद्धतीने वाटप’ असं लिहून भागत नाही. ‘कोणता गट मिळेल हे मीही ठरवणार नाही’ असं सांगा आणि मग त्यालाच विचारा, काय कळलं?

नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम याहून कडक आहेत. काही सहभागींच्या संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही लागतं. थीसिसवाल्यांना त्याची गरज सहसा पडत नाही.

राहता राहिले जुन्या केस पेपरांवरचे अभ्यास. तिथे माणूस समोरच नसतो, ओळख पुसलेली असेल आणि धोका नगण्य असेल तर संमतीतून सूट मिळू शकते. ती सूट एथिक्स कमिटी (संशोधन नैतिक चौकटीत आहे ना, हे तपासणारी समिती) देते, थीसिसचा गाईड नाही. अर्जही डेटा काढायच्या आधीच करायचा. रेकॉर्ड रूममधले गठ्ठे एक्सेलमध्ये भरून झाल्यावर गेलात तर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही.