गोळी वेळेवर, डबा उशिरा

पावसाळ्यात कुर्ला आणि शीवच्या मध्ये रुळांवर पाणी साचलं, की लोकल कधी सुटेल ते कुणालाच सांगता येत नाही. डब्यातल्या मधुमेही माणसासाठी हा खोळंबा धोक्याचा असतो. सकाळी टोचलेलं इन्सुलिन किंवा घेतलेली ग्लिमेपिराइडची गोळी रक्तातली साखर उतरवत राहते, आणि पोळीभाजी मात्र बॅगेतच असते.

रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. एरवी साखर उतरायला लागताच स्वादुपिंड इन्सुलिन आवरतं घेतं आणि ग्लुकॅगॉन हे उलट काम करणारं संप्रेरक सोडतं. मग यकृत आपल्या साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडतं. टोचलेलं इन्सुलिन असं मागे घेता येत नाही. ग्लिमेपिराइड तर साखर उतरली असली तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. नुसती मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी घेणाऱ्यांना हा त्रास क्वचितच होतो.

पहिली सूचना ॲड्रेनॅलिन देतं: हात थरथरतात, छातीत धडधडतं, दरदरून घाम येतो. पण मुंबईच्या दमट हवेत, गर्दीच्या डब्यात, घामाकडे कोण लक्ष देणार? त्यात रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा परिणाम अडवणारं औषध, चालू असेल तर थरथर आणि धडधडही दबते. साखर ५४ च्या खाली गेली की मेंदूला ग्लुकोज पुरेनासं होतं. माणूस चिडतो, बोलताना अडखळतो, स्टेशन ओळखत नाही. लोकांना वाटतं, हा प्यायलाय. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

शंका आली की लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावं, म्हणजे चहाचे साधारण तीन चमचे पावडर पाण्यात कालवून. १५ मिनिटांनी साखर तपासावी. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्यावं. मग जेवावं. खिशात पेढा किंवा चॉकलेट ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट औषध लिहून देतानाच सांगितली जायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. आपल्याकडे बऱ्याच जणांना मधुमेहासाठी व्होग्लिबोज हे औषधही दिलेलं असतं. घरातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. आतड्यातलं एन्झाइम ती तोडतं, तेव्हा कुठे ती रक्तात जाते. व्होग्लिबोज नेमकं तेच एन्झाइम अडवतं. अशा माणसाला चमचाभर साखर किंवा उसाचा रस दिला तर गुण उशिरा येतो. त्याला ग्लुकोजच हवं, म्हणून पाकीट घेताना मागचे घटक वाचावेत.

शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवावं आणि १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर. म्हणून ‘आता बरं वाटतंय, घरी जाऊ’ असं पेशंट म्हणाला, तरी डॉक्टर त्याला रात्रभर ठेवून घेतात.