विंडो सरकली आहे की मावत नाही?

रावेर-सावद्याकडची केळी व्यापाऱ्यांची ऑफिसं, धरणगावचं जिनिंग, चोपडा-शिरपूरची सेवा केंद्रं, कुठेही जा, कॉम्प्युटरची तक्रार एकाच शब्दांत येते: "भाऊ, विंडो स्क्रीनच्या बाहेर गेली." विंडो म्हणजे प्रोग्राम उघडतो ती चौकट. या एका वाक्याखाली दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. एकात विंडोचा आकार ठीक असतो, ती फक्त जागेवरून सरकलेली असते. दुसऱ्यात ती जागेवरच असते, पण पडद्यात मावत नाही. गाडी फाटकाबाहेर उभी असणं आणि गाडीच फाटकापेक्षा रुंद असणं, इतका हा फरक आहे. तो न बघता लोक थेट रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, बदलतात. मग अक्षरं धूसर होतात, आयकॉन विस्कटतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

ओळखायचं कसं? विंडो ज्या बाजूला कापली गेली आहे, तिच्या विरुद्ध बाजूला बघा. तिथे रिकामी जागा असेल आणि विंडो तिकडे ओढली की पूर्ण दिसत असेल, तर ती सरकलेली आहे. वरची पट्टी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला टेकली तरी खालचं 'सेव्ह' बटण दिसत नसेल, तर ती मावत नाही. टास्कबारवर आयकॉन दिसतो, पण पडद्यावर काहीच नाही? मिनिमाइझ केलेली नसेल, तर बहुधा सरकलेलीच.

सरकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दुसरा पडदा. शाळेत प्रशिक्षणाला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, डेस्कटॉप 'एक्स्टेंड' केला, म्हणजे दोन्ही पडदे मिळून एकच लांब पडदा केला, काम झाल्यावर वायर काढली. पण काही प्रोग्राम आपली शेवटची जागा लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी तिथेच, म्हणजे आता नसलेल्या पडद्यावर उघडतात. उपाय सोपा आहे. टास्कबारवरून तो प्रोग्राम निवडा, ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, मग एम. बाणाची कोणतीही एक की एकदा दाबली की विंडो माउसला चिकटते. ती आत आणून क्लिक करा. मेनूत 'मूव्ह' फिकट दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइझ झालेली आहे, आधी 'रिस्टोअर' करा.

न मावणाऱ्या विंडोचं गणित समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे अजून खूप लॅपटॉप १३६६ × ७६८ पिक्सेल (ठिपके) पडद्याचे आहेत. त्यावर स्केल, म्हणजे अक्षरं-आयकॉन किती मोठे दाखवायचे ते प्रमाण, १२५ टक्के ठेवलं की वापरायला साधारण १०९३ × ६१४ एवढीच जागा उरते, आणि त्यातलीही एक पट्टी टास्कबार घेतो. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा ६५० पिक्सेल उंचीचा फॉर्म इथे मावणारच नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, तिथे स्केल १०० करा आणि रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा.

पण स्केल कमी केलं की अक्षरं बारीक होतात, आणि साठीच्या दिवाणजींना दिवसभर डोळे ताणायला लावणं मला पटत नाही. त्यांच्यासाठी त्या एकाच प्रोग्रामच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' इथे जा. खालच्या चौकटीत टिक करून 'अॅप्लिकेशन' निवडा. जुना प्रोग्राम मग बहुधा मूळ आकारात उघडतो आणि बाकी सगळं मोठंच राहतं. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवला तर तेवढी पट्टीही मिळते.

विंडोज नव्याने टाकल्यावर सगळंच मोठं आणि ढोबळ दिसत असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्लेखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्सचा भाग नीट चालवू देणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहिला आहे. तो टाकेपर्यंत स्केलशी खेळून उपयोग नाही. ब्राउझरमधला ऑनलाइन अर्ज कापला जात असेल तर मात्र विंडोला हात लावू नका, कंट्रोल आणि वजा दाबा. पूर्ववत करायला कंट्रोल आणि शून्य.

आणि लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर चारही कडा थोड्या थोड्या कापल्या जात असतील, टास्कबारसुद्धा अर्धा दिसत असेल, तर दोष कॉम्प्युटरचा नाही. टीव्हीच चित्र ताणतो. रिमोटवर पिक्चरच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाचा पर्याय शोधा.