वीरांच्या दफनभूमीत जागा कुणाला? लिबिंगानच्या वादाची पार्श्वभूमी

मनिला महानगरातल्या टागीग शहरात, फोर्ट बोनिफासियोच्या जुन्या लष्करी हद्दीत फिलिपिन्सची राष्ट्रीय दफनभूमी आहे. नाव ‘लिबिंगान नांग मांगा बायानी’, म्हणजे वीरांची दफनभूमी. इथल्या चाळीस हजारांहून अधिक कबरींपैकी बहुतेक साध्या सैनिकांच्या आहेत. पण १८ नोव्हेंबर २०१६ पासून लिबिंगानचा विषय निघाला की तो हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या कबरीपाशीच जाऊन थांबतो. त्यांचा मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायद्याचा अंमल, त्यांना घालवणारा १९८६ चा जनउठाव, पत्नी इमेल्डाबाईंचे बूट हे सगळे वाचकांना ठाऊक असेलच. ज्या माणसाला लोकांनी देशाबाहेर घालवले तो तीस वर्षांनी तोफांच्या सलामीत या मातीत कसा पोचला, ती हकीकत मात्र आपल्याकडे फारशी आलेली नाही.

दफनभूमी सुरू झाली १९४७ साली, दुसऱ्या महायुद्धातल्या मृत सैनिकांसाठी. बातान द्वीपकल्प पडल्यावर जपान्यांनी युद्धकैद्यांना पायी चालवत नेले, त्यात जे वाचले ते कापासच्या छावणीत डांबले गेले. तिथे काही महिन्यांत वीस हजारांहून अधिक फिलिपिनो सैनिक उपासमारीने आणि रोगांनी मेले. त्यांतल्या अनेकांचे अवशेष पुढे इथे आणले गेले. आजचे नाव १९५४ चे, राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांनी दिलेले. होय, विनोबांपासून आमटे कुटुंबापर्यंत ज्यांच्या नावाचा पुरस्कार आपल्याकडे आला तेच मॅगसेसे. ‘प्रजासत्ताक स्मृती दफनभूमी’ हे जुने सरकारी नाव त्यांना कोरडे वाटले असावे. युद्धात पडलेल्यांविषयी देशाला वाटणारा आदर नावातच दिसावा, असा त्यांच्या जाहीरनाम्याचा आशय होता. स्वतः मॅगसेसे १९५७ च्या विमान अपघातात गेले आणि त्यांचे दफन मनिलाच्या उत्तरेकडच्या नागरी दफनभूमीत झाले. १९६७ साली सुमारे १४३ हेक्टर जागा लष्करी हद्दीतून वेगळी काढून तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. त्या आदेशावर सही होती राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची.

सैनिकांसाठीच्या या जागेत राष्ट्राध्यक्ष येऊ लागले ते १९७१ पासून. पहिले कार्लोस गार्सिया, मग १९९७ मध्ये दिओस्दादो माकापागाल. त्याआधीच्या पिढीतले एल्पिदिओ किरिनो इथे फार उशिरा आले. ते १९५६ मध्ये वारले होते. बरोबर साठ वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०१६ रोजी, त्यांचे अवशेष दुसऱ्या दफनभूमीतून इथे हलवले गेले. १९४५ च्या मनिलाच्या लढाईत किरिनोंची पत्नी आणि तीन मुले जपानी सैन्याने मारली होती. तरीही राष्ट्राध्यक्ष असताना, १९५३ मध्ये, त्यांनी फिलिपिन्सच्या तुरुंगातल्या जपानी युद्धगुन्हेगारांना माफी दिली. एवढा मोठा निर्णय घेणारा माणूस, पण त्याच्या पुनर्दफनाची बातमी जेमतेम एक दिवस टिकली.

आर्तेमिओ रिकार्ते यांची कबरही इथेच. हे स्पेन आणि अमेरिका दोघांशी लढलेले सेनानी. अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी अखेरपर्यंत नकार दिला, वर्षानुवर्षे योकोहामात परागंदा राहिले आणि महायुद्धात जपान्यांबरोबर मायदेशी परतले. म्हणजे जपान्यांशी लढून मेलेल्यांच्या शेजारी जपान्यांचा साथीदार! ‘इथे फक्त निष्कलंक माणसेच आहेत’ असे म्हणण्याची सोय कधीच नव्हती. २०११ मध्ये भ्रष्टाचाराची चौकशी चालू असताना स्वतःच्या आईच्या कबरीपाशी जीव दिलेल्या एका माजी सेनाप्रमुखालाही इथे लष्करी इतमामात पुरले. मार्कोस यांच्या बाजूच्या लोकांनी या दाखल्यांचा पुढे भरपूर वापर केला.

आता मूळ वाद. मार्कोस फेब्रुवारी १९८६ मध्ये हवाईला पळाले. आजारी पडल्यावर मरण्यासाठी तरी मायदेशी येऊ द्या, असा त्यांचा आग्रह होता. सरकारने नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९८९ रोजी तो नकार ८ विरुद्ध ७ मतांनी उचलून धरला. तेरा दिवसांनी मार्कोस होनोलुलूत वारले. मृतदेह मायदेशी यायला आणखी चार वर्षे गेली. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांच्या सरकारने कुटुंबाशी लेखी समझोता केला: शव थेट उत्तरेकडच्या इलोकोस नोर्ते प्रांतात न्यायचे, मनिलात मिरवायचे नाही, आणि सन्मान द्यायचा तो मेजरच्या हुद्द्याचा. १९९३ मध्ये कुटुंबाने शव त्या प्रांतातल्या बाताक गावात नेले, पण पुरले मात्र नाही. थंड केलेल्या खोलीत, काचेच्या पेटीत ते तेवीस वर्षे लोकांना पाहायला ठेवले. पुरायचे तर लिबिंगानमध्येच, हा हट्ट त्यामागे होता. १९९८ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी परवानगी द्यायची तयारी दाखवली, विरोध पाहून माघार घेतली. २०११ मध्ये उपराष्ट्राध्यक्षांनी मधला मार्ग सुचवला की लष्करी सन्मान द्यावा, पण दफन मूळ प्रांतात करावे. तेही झाले नाही. २०१६ च्या निवडणुकीत जिंकलेल्या उमेदवाराने प्रचारातच शब्द दिला होता आणि ऑगस्टमध्ये लष्कराला तयारीचे आदेश निघाले.

याचिका दाखल झाल्या, न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला आणि ८ नोव्हेंबरला ९ विरुद्ध ५ अशा बहुमताने याचिका फेटाळल्या. बहुमताचा युक्तिवाद थोडक्यात असा. या जागेला वीरांचे नाव असले तरी इथे पुरल्याने कुणी वीर ठरत नाही. राष्ट्रपुरुषांसाठी स्मारक उभारण्याचा १९४८ चा कायदा या जागेला लागू नाही. इथे कुणाला जागा द्यायची याचा एक लष्करी नियम आहे, त्यातल्या यादीत राष्ट्राध्यक्ष आहेत, संरक्षणमंत्री आहेत, माजी सैनिक आहेत, शौर्यपदक मिळवणारे आहेत, आणि मार्कोस या सगळ्याच रकान्यांत बसतात. अपात्रतेची कलमे दोनच: सेवेतून अप्रतिष्ठेने बडतर्फी, किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात अंतिम शिक्षा. पहिले कलम लष्करी सेवेपुरते. दुसरे लागू होत नाही, कारण मार्कोस यांना फौजदारी गुन्ह्यात अंतिम शिक्षा झालेलीच नाही.

कागदावर हे बिनचूक दिसते. पण याच न्यायालयाने २००३ मध्ये मार्कोस कुटुंबाच्या स्विस खात्यांतले सुमारे ६५ कोटी ८० लाख डॉलर बेहिशेबी ठरवून सरकारजमा केले होते. त्याच पैशातून मार्शल लॉच्या पीडितांना भरपाई देणारा कायदा २०१३ मध्ये झाला आणि पुढे ११,१०३ जणांचे दावे मान्य झाले. म्हणजे एका कायद्याने सरकार छळाची कबुली देते, आणि ज्याच्या राजवटीत छळ झाला त्याला सरकारी खर्चाने राष्ट्रीय भूमीत जागाही देते. विरोधी मत नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एकाचा मुद्दा मला सर्वांत सरळ वाटतो: सार्वभौम जनतेने ज्याला पदावरून हुसकले, त्याच्या बडतर्फीपेक्षा मोठी अप्रतिष्ठा ती कोणती? शौर्यपदकाचेही तेच. मार्कोस यांच्या युद्धपराक्रमाच्या कहाण्या अमेरिकी लष्करी दप्तरातल्या कागदांनी १९८६ मध्येच खोट्या पाडल्या होत्या. देशाच्या सरकारी इतिहास मंडळानेही २०१६ मध्ये तेच लिहून दफनाला विरोध केला होता. बहुमताने त्यात शिरायचे टाळले.

या साऱ्या वादात एक गोष्ट मात्र कमी बोलली गेली. तो लष्करी नियम मूळचा ९ एप्रिल १९८६ चा. मार्कोस पळून गेल्याला जेमतेम दीड महिना झाला होता, सत्तेवर कोराझोन अकिनो होत्या, आणि सही होती सेनाप्रमुख फिदेल रामोस यांची. जनउठावाच्या पहिल्याच दिवशी मार्कोस यांची साथ सोडणारे आणि पुढे १९९२ चा समझोता करणारे तेच हे रामोस. यादीत ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहिताना ‘पदच्युत सोडून’ एवढी दोन शब्दांची पुस्ती जोडायला कुणालाच सुचले नाही. २००० साली नियम नव्याने काढला तेव्हाही नाही. हुकूमशहाला घालवणाऱ्यांनी त्याच्या दफनाचा दरवाजा स्वतःच उघडा ठेवला. न्यायालयाला जितका दोष दिला जातो, त्यातला बराचसा वाटा माझ्या मते या विसराळूपणाचा आहे.

निकालानंतर पुनर्विचार याचिकेची मुदत पंधरा दिवसांची होती. दहाव्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, शव हेलिकॉप्टरने मनिलात आणून दुपारी बाराच्या सुमारास पुरलेही. पोलिसांनी बातमी त्याच सकाळी फोडली, पत्रकारांना फाटकाबाहेर ठेवले, राष्ट्राध्यक्ष परदेशात होते. एकवीस तोफांची सलामी झाली. संध्याकाळी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पुढचे अनेक दिवस निदर्शने चालली. रामोस यांनी आपल्या जुन्या समझोत्याची जाहीर आठवण करून दिली, पण त्याचा उपयोग झाला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये पुनर्विचाराचे अर्जही फेटाळले गेले.

मे २०२२ मध्ये मार्कोस यांचा मुलगा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. ३१ जुलैला रामोस वारले आणि ९ ऑगस्टला त्यांचेही दफन लिबिंगानमध्येच झाले.

त्याच नियमात ‘राष्ट्रीय कलावंत’ हाही एक रकाना आहे आणि त्यावर कधी भांडण झालेले नाही. लेखक निक होआकिन २००४ पासून इथे आहेत. १९७६ मध्ये मार्कोस राजवटीने त्यांना हा किताब देऊ केला तेव्हा तुरुंगातल्या एका कवीला सोडाल तरच स्वीकारतो, अशी अट त्यांनी घातली होती, आणि तो कवी सुटला. एप्रिल २०२५ मध्ये अभिनेत्री नोरा ऑनॉर यांना इथे सरकारी इतमामात निरोप दिला गेला. गरिबीत वाढलेली, लहानपणी रेल्वे स्टेशनवर पाणी विकणारी ही मुलगी देशाची सर्वांत लाडकी नटी झाली होती.