गोव्यातल्या सपाट जमिनीखालचे पाणी

गोव्यात सपाट जमीन मुख्यतः तीन ठिकाणी सापडते: सड्यावर म्हणजे जांभ्याच्या पठारावर, नदीकाठच्या मळ्यांत आणि भरतीच्या पट्ट्यातल्या, बांध घालून राखलेल्या खाजनांत. उपग्रहाने मोजलेल्या उंचीवरून उताराचा नकाशा काढला की या तिन्ही जागा एकाच रंगात रंगतात. जमिनीखालची गोष्ट मात्र तीन प्रकारची असते. सड्यावर मुरलेले पाणी काही महिन्यांत पायथ्याच्या झरींतून निघून जाते, मळ्यात ते टिकते आणि खाजनात ते हाताशी असूनही बहुधा खारे असते. भूजल कुठे मिळेल हे दाखवणारे कित्येक नकाशे ‘उतार कमी तिथे पाणी जास्त’ या समजुतीवर उभे असतात. गोव्यात ती समजूत इथेच दगा देते.

पाऊस कमी पडतो असे नाही. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर धरला तर एका हेक्टरवर तीन कोटी लिटर पाणी पडते. पण सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर जेमतेम 60-65 किलोमीटर आहे. बराचसा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि नद्या तो लगेच समुद्राला पोचवतात. एप्रिल-मेमध्ये विहिरीत काय उरेल, हे पाणी जमिनीत किती शिरले यापेक्षा ते आत किती काळ थांबले यावर ठरते.

सड्याची रचना पाहिली की हे कळते. वर जांभ्याचा कडक कातळ, त्याखाली छिद्रांचा जांभा आणि त्याच्याही खाली चिकणमातीचा थर. पाणी भेगांतून, छिद्रांतून झपाट्याने उतरते, चिकणमातीला अडते आणि आडवे सरकत उताराच्या कडेला बाहेर पडते. वेर्ण्याजवळची केसरवाळची झर आणि पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी ‘मळा’ नावाच्या वस्तीतली झर ही याची ओळखीची उदाहरणे. कित्येक कुळागरेही (पोफळीच्या बागा) अशाच पाण्यावर उभी आहेत. म्हणून सड्याला नुसते ‘पाण्याची जागा’ म्हणणे जितके चुकीचे, तितकेच त्याला नापीक कातळ म्हणून मोडीत काढणेही. तो पाणी घेतो वर आणि देतो खाली.

ही तीन भूरूपे वेगळी काढायला समुद्रसपाटीपासूनची उंची पुरत नाही. प्रत्येक ठिकाण जवळच्या ओहोळाच्या तळापासून किती वर आहे, ते काढावे लागते. त्यासाठी क्यूजीआयएससारखी नकाशे हाताळणारी मोफत संगणक प्रणाली आणि 30 मीटर चौकटीची उंचीची माहिती पुरते. ही माहिती इस्रोच्या ‘भुवन’वर कार्टोसॅटची मिळते, फेब्रुवारी 2000 मधल्या अंतराळयानाच्या रडार मोहिमेची आणि युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचीही मोफत आहे. नकाशा आधी यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या 43 उत्तर विभागात आणावा, नाहीतर अंतरे अंशांत राहतात आणि उतार चुकतो. मग पाण्याच्या वाहण्याच्या दिशा काढाव्यात. साधारण 500 चौकटींचे, म्हणजे 45 हेक्टरांचे पाणी जिथे एकत्र येते तिथून ओहोळ सुरू झाला असे धरून पाहावे आणि ती रेषा जमिनीवरच्या व्हाळाशी जुळते का ते तपासावे. आता सडा ओहोळापेक्षा कित्येक मीटर उंच दिसतो, मळा जेमतेम वर. मळा आणि खाजन मात्र या मोजमापातही एकमेकांसारखेच दिसतात. तिथे भरतीची रेषा, बांध आणि मानशी (भरतीचे पाणी अडवणारी दारे) नकाशावर हाताने काढण्याला पर्याय नाही.

उंचीच्या माहितीतही खोट असते. 2000 सालच्या रडारला घनदाट रानात जमीन दिसली नाही, झाडांच्या शेंड्यांजवळची उंची मिळाली. त्यामुळे सत्तरी-सांग्याच्या जंगलात खोटे चढ उमटतात, आणि माडांच्या रांगांनी सखल भागातही तेच होते. डिचोली, सांगे भागातल्या खाणींचे खड्डे तर आणखी घोटाळा करतात. पाणी वाहते ठेवण्यासाठी संगणक बंदिस्त खोलगट जागा बुजवतो आणि त्यात खाणीचा खड्डाही बुजतो. प्रत्यक्षात भूजलपातळीच्या खाली गेलेला खड्डा आजूबाजूच्या विहिरींचे पाणी आपल्याकडे ओढतो, विशेषतः त्यातून उपसा चालू असेल तर. यावर सोपा उपाय म्हणजे कोपर्निकसच्या उंचीतून 2000 सालची उंची वजा करणे. कोपर्निकसची मोजणी 2011 ते 2015 मधली असल्याने मधल्या काळातले खड्डे मोठ्या ऋण आकड्यांनी आणि मातीचे ढिगारे धन आकड्यांनी समोर येतात. ते भाग वेगळे आखून ठेवावेत.

खडकातल्या भंगरेषा शोधताना एक चूक हमखास होते. उंचसखलपणा दिसावा म्हणून नकाशावर कृत्रिम उजेड टाकतात आणि बहुतेक प्रणालींत तो आपोआप 315 अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून येतो. गोव्यातल्या जुन्या रूपांतरित खडकांचा कलही बहुतांशी वायव्य-आग्नेय. उजेड रेषेच्याच दिशेने पडला की सावली पडत नाही आणि महत्त्वाच्या भंगा गायब होतात. म्हणून 45 आणि 225 अंशांवरून उजेड टाकून पुन्हा पाहावे. याउलट, कोकण रेल्वेचा मार्ग, तिळारीचा कालवा आणि खाणींच्या कडाही सरळ रेषा म्हणून मोजल्या जातात. त्या आधी गाळाव्यात.

हिरवाईच्या खुणेसाठी युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची 10 मीटर चौकटीची चित्रे उत्तम आहेत. त्यांच्या आठव्या (अवरक्त प्रकाशाच्या) पट्ट्यातून चौथा (लाल प्रकाशाचा) वजा करावा, उत्तराला दोघांच्या बेरजेने भागावे. डिसेंबर आणि एप्रिल अशी दोन चित्रे घ्यावीत; पावसाळ्यात ढगांमुळे जमीन क्वचितच दिसते. सड्यावरचे गवत एप्रिलपर्यंत वाळते, पण कडेखालची झरींची ओळ हिरवी राहते. काजू आणि अकेशिया मात्र सदाहरित, त्यांच्या हिरवाईवरून उथळ पाणी आहे असे ठरवू नये. वायंगणाची (उन्हाळी भाताची) शेतेही हिरवी दिसतात, पण ते पाणी कालव्याचे असू शकते.

भूजलाच्या चर्चेत ग्रेस उपग्रहांचे नाव हटकून येते. 2002 साली गेलेली जोडी 2017 पर्यंत गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून पाण्याचा साठा मोजत होती आणि 2018 नंतर तिची जागा घेणारी जोडी तेच करते. पण त्यांची नजर साधारण 300 किलोमीटरच्या तुकड्यावर चालते आणि गोव्याचे क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर. तालुक्याचा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. उपग्रहाने मोजलेला पाऊसही घाटात कमी भरतो, तो पर्जन्यमापकांच्या आकड्यांशी जुळवून घ्यावा.

शेवटी खडक, भूरूप, उतार, ओहोळांची घनता, भंगरेषा, जमिनीचा वापर आणि पाऊस यांना वजने देऊन थर एकत्र करतात. सात घटकांच्या 21 जोड्या होतात. प्रत्येक जोडीत कोण किती महत्त्वाचा हे 1 ते 9 मध्ये ठरवतात. विसंगतीचे गुणोत्तर 0.10 च्या वर गेले तर जोड्या पुन्हा तपासाव्यात. ते कमी आले म्हणजे वजने बरोबर असे मुळीच नाही, फक्त ती एकमेकांशी जुळतात. उताराला गुण देताना ते भूरूपागणिक वेगळे द्यावेत, यात तडजोड नको.

पडताळणी विहिरींवर. मे महिन्याच्या शेवटी आणि नोव्हेंबरमध्ये, रात्रभर उपसा बंद ठेवून सकाळी पातळी मोजावी आणि कठड्याची उंची वजा करावी. विहिरी पाणी लागले तिथेच असतात, म्हणून कोरड्या गेलेल्या कूपनलिकांची ठिकाणेही गावात विचारून नोंदवावीत. त्यांच्याशिवाय नकाशा आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. किनाऱ्याजवळ खारेपणा कळावा म्हणून पाण्याची विद्युतवाहकता मोजावीच. तिथे खोदण्याआधी जमिनीचा विद्युतरोध तपासतात, पण चिकणमाती आणि खारे पाणी दोन्ही कमी रोध दाखवतात. शेजारच्या विहिरीचे पाणी मोजले असेल तरच त्यातले कोणते हे सांगता येते.