मुळाशी मोडलेला दात: उपटण्यापासून राखण्यापर्यंत

तोंडावर आपटल्याने समोरच्या दाताचं मूळ मोडलं, तरी वरून फारसं काही कळत नाही. दात हलतो, किंचित लांब झाल्यासारखा वाटतो, हिरडीच्या कडेतून रक्त येतं. मोड असते हाडाच्या आत. त्यामुळे एक्स-रे येण्याआधी सगळी भिस्त बोटांच्या अंदाजावर होती.

राँटगेन यांनी एक्स-रे शोधून जेमतेम दोन महिने होतात तोच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओट्टो वाल्कहोफ यांनी स्वतःच्याच दातांचा एक्स-रे काढून घेतला. त्यासाठी २५ मिनिटं किरणांसमोर राहावं लागलं. धोक्याची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती.

पण एक्स-रे काढला म्हणजे मोड सापडलीच, असं आजही नसतं. किरणं मोडीच्या पातळीला साधारण समांतर गेली, म्हणजे फरक १५-२० अंशांच्या आत राहिला, तरच रेघ स्पष्ट उमटते. म्हणून एकाच दाताचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतात. तिरकी मोड कधी लंबगोल दिसते आणि मूळ दोन ठिकाणी मोडल्याचा भास होतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाताचं त्रिमितीय चित्र देणारं कोन-बीम सीटी आलं आणि हा गोंधळ बराच कमी झाला.

उपचारांचं वळण मात्र यंत्रामुळे आलं नाही, ते आलं चिकाटीने ठेवलेल्या नोंदींमुळे. मोडलेलं मूळ म्हणजे गेलेला दात, अशी समजूत पक्की होती. राखायचाच ठरला तर मोडलेल्या पायाला प्लास्टर घालावं तसा तो दोन-तीन महिने घट्ट जखडून टाकत. कोपनहेगनचे दंततज्ज्ञ येन्स ओव्ह आंद्रेआसेन आणि त्यांचे सहकारी हियोर्टिंग-हान्सेन यांनी १९६७ मध्ये अशा ५० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोड कधी कठीण ऊतीने सांधते, कधी दोन तुकड्यांमध्ये मऊ तंतूंचा पडदा तयार होतो, तर कधी मध्ये हाड भरतं. हे तिन्ही भरून येण्याचेच प्रकार. चौथ्यात मात्र वरच्या तुकड्यातली नस मरते, जंतुसंसर्ग होतो आणि मोड भरत नाही.

२००४ मध्ये आंद्रेआसेन यांच्याच गटाने ४०० मोडलेल्या मुळांचा हिशेब मांडला. पाचातली जवळपास चार मुळं भरून आली होती, आणि चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ जखडून काही जादा फायदा झालेला नव्हता. सरकलेला तुकडा पुन्हा जागेवर बसवून लवचीक तार लावणं पुरेसं ठरलं. मोड हिरडीजवळ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तार चार महिन्यांपर्यंतही ठेवावी लागते.

रूट कॅनलची घाईही ओसरली. नस मेलीच, तरी बहुधा वरच्याच तुकड्यातली. मुळाच्या टोकाकडचा तुकडा सहसा जिवंत राहतो. म्हणून रूट कॅनल मोडीपर्यंतच करतात. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर सुरुवातीला रूट कॅनल करूच नये. थंड चाचणीला (दाताला गार वस्तू लावून संवेदना तपासणं) दाताने तीन महिने दाद दिली नाही, तरी तेवढ्यावरून नस मेली असं धरत नाहीत. तपासण्या मात्र किमान पाच वर्षं चालू ठेवायच्या असतात.