बूस्टर आला तो डिस्कमागोमाग

ठाण्यात जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर सांभाळणारे चार जण जमले की एक विषय हमखास निघतो: गाडीला बूस्टर, म्हणजे ब्रेकच्या पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा डबा, बसवून घ्यावा का? घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा उतार, पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि पाय पेडलवर रेटून धरलेला. अशा वेळी नव्या गाडीचा हलका ब्रेक आठवणारच. ज्यांच्या गाडीला बूस्टर मुळातच आहे त्यांची चिंता वेगळी. तो फुसफुसायला लागलाय. दुरुस्त करायचा की बदलायचा? मुळात हा डबा गाडीत कशासाठी आला ते पाहिलं, की दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

पहिल्या महायुद्धानंतर गाड्या जड झाल्या, वेगही वाढला आणि ब्रेक चारही चाकांना लागू लागले. नुसत्या पायाचा जोर पुरेना. १९१९ च्या हिस्पानो-सुइझा एच-६ ने यावर यांत्रिक तोड काढली: गाडीच्या चालीतूनच फिरणारी एक यंत्रणा ब्रेक ओढायला मदत करी. रोल्स-रॉईसने ही कल्पना उचलली आणि साठच्या दशकापर्यंत सोडली नाही. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या बऱ्याच रोल्स थांबत त्या याच जोरावर. म्हणजे 'जुनी आणि महागडी, तेव्हा व्हॅक्यूम बूस्टर असणारच' हा हिशेब चुकतो.

व्हॅक्यूमची युक्ती अल्बेर देवांद्र या बेल्जियन अभियंत्याची, १९२७ ची. बॉशने ती ट्रकसाठी बनवायला घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पिअर्स-ॲरो गाडीला व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक मिळाला. तत्त्व साधं आहे. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल (हवेची झडप) मिटला की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, हवा विरळ होते. डब्यात रबरी डायफ्राम (पडदा), त्याच्या दोन्ही बाजूंना तीच विरळ हवा. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि डायफ्राम पुढे ढकलला जातो. जोर लावते ती वातावरणातली हवा, इंजिन फक्त जागा रिकामी करून देतं. २३ सेंटिमीटर व्यासाच्या डायफ्रामचं क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर भरतं. दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोहून थोडा कमी फरक धरला, तरी कागदावर पावणेतीनशे किलोच्या आसपास रेटा होतो. इतका जोर सहसा कोणाच्या पायात नसतो.

तरीही कितीतरी साध्या गाड्या पुढची काही दशकं बूस्टरशिवाय सुखाने धावल्या, कारण त्यांना ड्रम ब्रेक होते. ड्रम फिरताना पुढचा शू (आतून ड्रमला घासणारी पट्टी) आपल्याबरोबर ओढून घेतो आणि तो शू आणखी घट्ट बसतो. थोडी मदत ब्रेक स्वतःच करतो. डिस्कमध्ये ही सोय नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर दोन्ही बाजूंनी पॅड सरळ दाबले जातात, जेवढा दाब तेवढाच ब्रेक. १९५३ साली जग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकवर ल मान्सची शर्यत जिंकली, मग डिस्क रस्त्यावरच्या गाड्यांत उतरली, आणि तिच्यामागोमाग बूस्टर सर्वसामान्य झाला. अमेरिकेत मात्र इम्पालासारख्या अवजड गाड्यांवर ड्रम असूनही पॉवर ब्रेक जादा पैसे मोजून मिळत. तिथे कारण होतं वजन.

आपल्या गाड्यांना ही दोन्ही कारणं लागू नव्हती. कुर्ल्यात बनलेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, चारही चाकांना ड्रम आणि बूस्टर नाही. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत याच ब्रेकवर चालली. उत्तरपाड्याच्या ॲम्बेसेडरचंही बरीच वर्षं तसंच. पुढे डिस्क आणि बूस्टर नव्वदच्या दशकात, इसुझू इंजिनाच्या गाडीपासून दिसू लागले. डिझेलवाल्यांना आणखी एक अडचण. डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पुरेसा व्हॅक्यूमच तयार होत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो, आणि आपल्याकडे तो पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. बूस्टर गेला म्हणून गॅरेजात आलेल्या डिझेल गाडीत आधी हा पंप तपासावा.

पेट्रोल गाडीतही बूस्टरला हात लावण्याआधी मॅनिफोल्डपासून येणारी नळी आणि नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) व्हॉल्व्ह पाहावा; दोन्ही स्वस्तातले भाग. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच पंप मारायचे, पेडल दाबून धरायचं आणि स्टार्टर मारायचा. पेडल थोडं खाली गेलं तर डबा जिवंत. जागचं हललं नाही, किंवा पाय ठेवल्यावर सतत फुसफुस येत राहिली, तर आत गडबड आहे. बऱ्याचदा दोष सुरू होतो शेजारी: पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळतं, ब्रेक ऑइल डब्यात उतरतं आणि रबर फुगवतं. नवा बूस्टर लावून जुना सिलिंडर तसाच ठेवला, तर तो नवाही त्याच वाटेने जाणार. खाडीकाठच्या दमट हवेत पत्र्याला आतून गंज चढतो तो वेगळाच. पत्रा धड असेल तर किट घालून मूळ डबाच ओव्हरहॉल करावा, असं माझं मत. भंगारातून आलेल्या दुसऱ्या मॉडेलच्या बूस्टरला पट्ट्या वेल्ड करण्यापेक्षा ते केव्हाही बरं. त्यात बूस्टरपासून मास्टर सिलिंडरला रेटणाऱ्या दांडीची, म्हणजे पुशरॉडची, लांबी चुकली की ब्रेक धरूनच राहतात.

ड्रमच्या गाडीला नव्याने बूस्टर बसवण्याबाबत मी साशंक आहे. बूस्टरविना गाडीचं पेडलच जास्त तरफ देणारं बनवलेलं असतं, साधारण सहास एक. बूस्टरच्या गाडीत ते चारास एकच्या आसपास. जुन्या पेडलवर बूस्टर आणि त्यात स्वतःच घट्ट बसणारे ड्रम, म्हणजे पावसात पाय जरा जास्त पडला की चाकं जाम. उतारावर ड्रम तापून ब्रेक उतरतो, तेव्हाही बूस्टर तापलेल्या लायनरला (शूवरच्या घर्षणाच्या थराला) थंड करत नाही. चांगले लायनर, गोल ड्रम, ताजं ब्रेक ऑइल आणि खालचा गिअर यांवरच गायमुख उतरायचं.

शिवाय कागदपत्रांचा मुद्दा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चॅसी, बॉडीशेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा लागतो. बूस्टरसाठी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, कापणं म्हणजे बॉडीशेललाच हात लावणं. ब्रिटिश गाड्यांत लॉकहीड किंवा गर्लिंगचा सर्वो (बूस्टरच) पेडलपासून दूर, बॉनेटखाली कुठेही बसे आणि फक्त ब्रेक पाइपने जोडला जाई. बूस्टर हवाच असेल, तर आरटीओत विचारून याच धाटणीचा शोधावा आणि कापलेला मूळ पाइप जपून ठेवावा.