बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग चांगले नव्हे

विदर्भात विहिरीवर मोटार पंप बसवला की अर्थिंग तपासण्याची एक रीत अजूनही दिसते. शंभर वॅटच्या बल्बची एक तार फेजला आणि दुसरी अर्थिंगच्या सळईला जोडतात. बल्ब पेटला की अर्थिंग उत्तम, असे ठरते. ही परीक्षा धोक्याची आहे आणि फसवीही. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे 529 ओहम असल्यामुळे जमिनीचा रोध 50 ओहम असला तरी बल्बला 230 पैकी 210 व्होल्ट मिळतात आणि उजेडातला फरक सहजी जाणवत नाही. मात्र मोटारीच्या लोखंडी कवचात फेज उतरला, तर याच सळईतून जेमतेम 4.6 अँपिअर धारा वाहील. तेवढ्याने पंपाचा फ्यूज उडत नाही आणि कवचाला हात लावणारा दगावू शकतो.

सळईतून निघालेली धारा जमिनीत चहूकडे पसरते. सळईलगत मातीचे क्षेत्रफळ थोडे असल्याने तिथेच बहुतेक रोध साठलेला असतो. दूर गेल्यावर वाट इतकी रुंदावते की रोधात फारशी भर पडत नाही. म्हणून सळई दुप्पट जाड केल्याने रोध सुमारे दहा टक्केच घटतो, तर ती ओलाव्यापर्यंत खोल नेल्याने पुष्कळ घटतो. आपली काळी माती एप्रिल-मे महिन्यांत वाळून आकसते, भेगाळते आणि नेमकी सळईपासूनच सुटते.

खरे मापन अर्थ टेस्टरने, म्हणजे जमिनीचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने होते. वीज बंद करून सळई जोडणीतून सोडवावी. तीन मीटरच्या सळईसाठी उपकरणाची धारेची खुंटी साधारण 30 मीटरवर आणि विभवाची (व्होल्टेज मोजणारी) खुंटी त्याच रेषेत 62 टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरवर ठोकावी. मधली खुंटी तीन-तीन मीटर पुढे-मागे सरकवूनही आकडा जवळपास तोच राहिला, तरच तो विश्वासार्ह. बदलत राहिला, तर सळईची आणि बाहेरच्या खुंटीची प्रभावक्षेत्रे एकमेकांत मिसळली आहेत, असे समजून बाहेरची खुंटी आणखी दूर न्यावी.

भारतीय मानक आयएस 3043 अर्थिंगची पद्धत सांगते. 1956 च्या वीज नियमांनी तर पुरवठादाराच्या अर्थिंगची चाचणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी घ्यायला सांगितले होते. त्यामुळे ‘जन्मभर देखभाल नको’ अशा जाहिरातीच्या केमिकल अर्थिंगचा श्रावणात मोजलेला आकडा ग्राह्य धरू नये. सळईभोवती भरलेल्या रासायनिक भुकटीने भोवतालचा रोध उतरतो हे खरे, पण मापन मे महिन्यातच मागावे. शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती जाणवताच वीज तोडणारा स्विच) बसवावा, कारण फ्यूजला न जाणवणारी ती 4.6 अँपिअरची गळती त्याला वीज तोडायला भरपूर होते.